ऑक्टाव्हियाचं खालचं कव्हर

जुनी गाडी घेताना माणसं टायर बघतात, बॅटरीवरची तारीख बघतात, दारं उघडून-मिटून बघतात. वाकून इंजिनाखाली बघणारे फार थोडे. तिथे काळ्या प्लास्टिकचं एक रुंद कव्हर असायला हवं, पुढच्या बंपरपासून इंजिन संपेपर्यंत. आमच्याकडे सिंधुदुर्गात जुन्या गाड्यांखाली ते बहुतेक वेळा नसतंच. कधीतरी सर्व्हिसिंगला निघालं, परत लागलं नाही, आणि गाडी चालतेय म्हटल्यावर पुढे कुणी विचारलं नाही. माझं मत असं की आपल्या पावसात, आपल्या लाल चिखलात आणि आपल्या खाऱ्या हवेत हे कव्हर गाडीला हवंच. तेही पत्र्याचं नाही, मूळचं होतं तसंच. माझ्या गाडीचं मी शोधून, दुरुस्त करून परत बसवलं. ते कसं, हे सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत याबद्दल काही वाचायला मिळालं नाही.

मी देवगडजवळ जामसंड्याला राहते. सहकारी संस्थांचं ऑडिट करते: विकास सोसायट्या, पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ऑडिट त्यानंतर चार महिन्यांच्या आत, म्हणजे जुलैअखेर, पुरं व्हावं लागतं. त्यामुळे माझी सगळ्यात जास्त फिरती नेमकी जून-जुलैत, भर पावसात. पडेल, विजयदुर्ग, मिठबाव, मुणगे, शिरगाव, वर फोंड्यापर्यंत. डांबरी रस्ता संपून सोसायटीच्या दारापर्यंतचा जो शेवटचा तुकडा असतो तो जांभ्याचा. त्यावरून पावसात गाडी गेली की खालून वरपर्यंत सगळं तांबडं होतं.

गाडी २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय. कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडून घेतलेली, त्यामुळे नंबर अजून एमएच ०९ चा. १८९६ सीसीचं डिझेल इंजिन, ९० अश्वशक्ती. या इंजिनावर माझा जीव आहे. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये जे खेचतं ते बघून आजही बरं वाटतं. ही गाडी युरोपातल्या चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फच्याच सांगाड्यावर बांधलेली आहे. हे वाक्य पुढे शोधाशोधीत फार उपयोगी पडलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तक्रार सुरू झाली ती पावसाळ्यात. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की बोनेटखालून कर्कश चिरकण्याचा आवाज यायचा, स्टिअरिंग एकदम जड व्हायचं, आणि कधीकधी बॅटरीचा लाल दिवा लागून विझायचा. थोडं अंतर गेलं की सगळं पूर्ववत. या गाडीत एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर चालतो. पट्टा ओला झाला की पुलीवरून घसरतो, आणि तिन्ही गोष्टी एकदम ढिल्या पडतात. गॅरेजात पट्टा बदलून झाला, ताण देणारी पुली तपासून झाली. पुढच्या मोठ्या सरीत आवाज हजर.

मग गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्यायला लावली आणि टॉर्च घेऊन मी स्वतः खाली उतरले.

खालून ऑक्टाव्हिया बघितल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की वर बघितलं तर थेट इंजिन दिसतं. दिसायला नको. बंपरच्या खालच्या कडेला ओळीने भोकं होती. त्यातल्या काहींत यू आकाराच्या पोलादी क्लिपा होत्या, गंजून फुगलेल्या, बोट लावलं तर पापुद्रे निघणाऱ्या. आणि डाव्या कोपऱ्यात एक स्क्रू अजून जागेवर होता. त्या स्क्रूच्या डोक्याखाली काळ्या प्लास्टिकचा एक तुकडा, बोटाच्या पेराएवढा, एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने फाटलेला. फाटलेल्या कडेला प्लास्टिक ताणून पांढरं पडलं होतं. म्हणजे कव्हर कुणी नीट काढून ठेवलं नव्हतं, ते ओढलं जाऊन फाटलं होतं. हे असंच होतं. सर्व्हिसिंगला कव्हर निघतं, परत लावताना दोन-चार स्क्रू हरवलेले असतात, उरलेल्या स्क्रूंवर काम भागवलं जातं. मग पुढची कड जराशी लोंबते, हायवेला वेग घेतला की वारा त्या फटीत शिरतो, आणि एक दिवस अख्खं कव्हर मागे रस्त्यावर जाऊन पडतं. चालवणाऱ्याला वाटतं, दगड लागला असेल.

एसीच्या कॉम्प्रेसरकडे टॉर्च मारली. या इंजिनात तो पुढच्या बाजूला अगदी खाली असतो. त्याच्या फटीफटींत जांभ्याचा चिखल वाळून विटेसारखा घट्ट झाला होता. वरच्या अल्टरनेटरच्या जाळीतही तोच तांबडा थर. पुढची चाकं पाणी आणि चिखल जिथे फेकतात, तिथून पट्ट्यापर्यंत मधे काहीच आडवं नव्हतं.

मिस्त्री वरून म्हणाले, "ताई, ता कव्हर काय कामाचा नाय. असला काय नि नसला काय, गाडी चलता मा?"

गाडी चालते हे खरंच आहे. मिस्त्री कामाचा माणूस आहे आणि त्याच्या हातावर माझा विश्वास आहे, म्हणूनच त्याच्याशी या विषयावर मनापासून वाद घातला. त्याचं म्हणणं साधं होतं. या गाडीचा ऑइल फिल्टर वरून निघतो, पण ऑइल सोडायचा नट खाली, सम्पला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला. तेवढ्या एका नटासाठी कव्हरचे सगळे स्क्रू काढायचे आणि परत लावायचे. गंजलेला स्क्रू फिरत नाही, डोकं झिजतं, मग ड्रिल. त्या कामाचे पैसे कुणी देत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण यातून निघतं ते एवढंच, की स्क्रू चांगले हवेत आणि त्या वेळेचे पैसे द्यायला हवेत. कव्हर नको, असं यातून निघत नाही.

त्याचा दुसरा मुद्दा इंजिन तापण्याचा होता, आणि हा सगळीकडे ऐकू येतो. कव्हर लावलं की खालची हवा कोंडते, आपल्याकडे ऊन जास्त, युरोपचं युरोपात ठीक. मूळ कव्हर नीट बघितलं तर त्यात जागोजागी झडपांसारखी भोकं ठेवलेली दिसतात, आणि मागची बाजू मोकळी असते. रेडिएटरमधून आत आलेली हवा इंजिनाभोवती फिरून मागून खाली निघून जावी, अशी ती वाट आहे. ही गाडी भारतात विकली गेली तीच मुळात या कव्हरसकट. तरी मी नुसत्या तर्कावर थांबले नाही, पुढे तापमान मोजून घेतलं, ते सांगतेच.

कव्हरचं काम काय, तर पहिलं म्हणजे पाणी आणि चिखल अडवणं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने खारं वारं आहेच. समुद्राकाठच्या रस्त्यावरची वाळू आणि मीठ चाकाबरोबर उडतं आणि इंजिनाखालच्या प्रत्येक नटबोल्टवर, वायरच्या प्रत्येक जोडावर जाऊन बसतं. अल्टरनेटरच्या आतल्या तांब्याला आणि बेअरिंगला हे अजिबात सोसत नाही. दुसरं काम आवाजाचं. डिझेल इंजिनाच्या कव्हरला आतून जाड फोमचा थर असतो, तो खडखड शोषून घेतो. तिसरं वाऱ्याचं, गाडीखालून हवा सरळ निघून जावी म्हणून. माझ्या वेगाने माझ्या रस्त्यांवर या तिसऱ्याचा फरक मला कळणार नाही, त्यामुळे त्याबद्दल दावा करत नाही.

आणि एक काम हे कव्हर करत नाही, ते ठळक सांगायला हवं: दगडापासून सम्प वाचवणं. या गाडीचा सम्प अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि बराच खाली येतो. उंच गतिरोधकावर किंवा वर आलेल्या जांभ्यावर आपटला तर तडकतो. प्लास्टिक त्याला वाचवणार नाही. म्हणून कितीतरी ऑक्टाव्हियावाले खाली लोखंडी सम्प गार्ड बसवून घेतात, आणि ज्यांना रोज चिरेखाणीत उतरायचं आहे त्यांनी तो जरूर बसवावा. मी तो का घेतला नाही? एक तर तो फक्त मधला भाग झाकतो. बाजू उघड्याच राहतात, आणि पाणी येतं ते चाकांकडून, म्हणजे बाजूनेच. दुसरं, स्थानिक बनवून घेतलेल्या पत्र्याला भोकं नेमकी कुठे ठेवायची याचा विचार कुणी केलेला नसतो. इथे तापण्याची भीती खरी आहे. तिसरं, खाऱ्या हवेत तो पत्रा बोल्टपाशी गंजतो, सैल होतो आणि मग वाजतो. माझ्या रस्त्यांना शत्रू पाणी आहे, दगड नाही. दगड दिसतो तिथे मी गाडी हळू घेते.

तर शोध. या गाडीचं कव्हर एक नसतं, तीन तुकडे असतात: मधला मोठा, आणि डाव्या-उजव्या बाजूला चाकांच्या आतल्या अंगाला दोन छोटे. उजवा छोटा तुकडा विशेष महत्त्वाचा, कारण पट्टा त्या बाजूला आहे आणि टर्बोच्या हवेला गार करणारा इंटरकूलरही त्याच बाजूला, बंपरच्या कोपऱ्यात बसवलेला आहे. माझ्या गाडीचे तिन्ही गायब.

नव्या मालाच्या काउंटरवर हा भाग मिळाला नाही. इतक्या वर्षांनी मिळेल अशी फारशी आशाही नव्हती. युरोपात गोल्फच्या मापाची अशी कव्हरं इतर कारखाने अजून बनवतात, पण वस्तू वजनाला हलकी आणि आकाराला अवाढव्य. मागवायचं भाडं आणि वर कस्टमची ड्युटी मिळून हिशेब कुठच्या कुठे जातो. मी आकडेमोडीतच आयुष्य घालवलेली बाई, तो नाद लगेच सोडला.

राहिला कटिंगचा माल, म्हणजे जुन्या गाड्या कापून काढलेले भाग. आधी कोल्हापूर, कारण गाडी तिथली. आधीच्या मालकांना फोन केला. ते फार सज्जन. म्हणाले, "वहिनी, माझ्याकडं होती तवर खालचं कव्हर होतं बघा, पण एकदा एक्स्प्रेस हायवेला काहीतरी सुटल्यासारखा आवाज झालेला." म्हणजे फाटलेल्या तुकड्यावरून बांधलेला अंदाज बरोबर होता. त्यांनीच उद्यमनगरात दोन-तीन ठिकाणी चौकशी करून दिली. इंजिनं होती, गिअरबॉक्स होते, दारं होती. कव्हर नव्हतं. पुण्यात नाना पेठेतही तेच. त्याचं कारण नंतर कळलं. कटिंगला येणाऱ्या गाड्यांत समोरून ठोकलेल्या गाड्या जास्त, आणि समोरून ठोकर बसली की सगळ्यात आधी चुरा होतो तो याच कव्हरचा. जे वाचतं ते गाडी ओढताना घासून जातं. त्यामुळे हा भाग शोधताना "ऑक्टाव्हियाचं कव्हर आहे का" असं विचारायचं नाही. "मागून ठोकलेली किंवा पाण्यात गेलेली ऑक्टाव्हिया कापलीय का" असं विचारायचं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा गाड्यांची काय दशा झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुरात बुडालेल्या गाडीची वायरिंग जाते, आतलं सगळं जातं, पण प्लास्टिकच्या कव्हरचं पाण्याने काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट नंबर. फोक्सवॅगन-स्कोडा घराण्याच्या गाड्यांच्या भागांवर नंबर कोरलेला असतो. पहिली दोन अक्षरं गाडीची: १जे म्हणजे चौथ्या पिढीची गोल्फ, १यू म्हणजे पहिली ऑक्टाव्हिया. मधले तीन आकडे त्या भागाच्या गटाचे, आणि इंजिनाखालच्या या कव्हरांसाठी ते ८२५ असतात. ऑक्टाव्हियाखालीही १जे ने सुरू होणारा नंबर निघू शकतो, त्याने दचकू नका. दुकानदाराला फोनवर सांगायचं, कव्हर उलटं करून नंबराचा फोटो पाठवा. शिवाय मी माझ्या गाडीखालच्या भोकांची अंतरं टेपने मोजून कागदावर काढली होती. त्या कागदाचा फोटो मी सगळ्यांना पाठवत असे. पेट्रोल आणि डिझेलचे तुकडे दिसायला सारखे पण भोकांत वेगळे असू शकतात, आणि फोटोत ते कळत नाही. टेप लावल्यावर कळतं.

शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळालं. तिथल्या एका दुकानात एका मागून ठोकलेल्या टीडीआयचं मधलं कव्हर आणि उजवा तुकडा होता. डावा तुकडा त्याने दुसऱ्या गाडीचा जोडून दिला. दुकानदाराने भोकांवर टेप धरून, माझ्या कागदाशी ताडून, व्हिडिओ पाठवला. असा धीराचा माणूस भेटायला नशीब लागतं. पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालं आणि पहाटे नांदगाव तिठ्यावर उतरलं. भाचा सोबत होता. गोणपाटात गुंडाळलेली ती वस्तू डिकीतून काढताना ड्रायव्हरने विचारलं, "हा काय, सोलर हा काय?"

अंगणात उघडलं तर आतला फोम ऑइल पिऊन काळा आणि जड झालेला. कुणीही असं कव्हर विकत घेतलं तर ही गोष्ट सोडू नका: ऑइल मुरलेला फोम तसाच गरम इंजिनाखाली लावायचा नाही. तो पेट घेऊ शकतो. भिजलेला भाग आम्ही पात्याने खरवडून काढला, कोरडा राहिलेला मागचा पट्टा ठेवला. बाकी साबणाचं पाणी, ब्रश, आणि दोन उन्हं. धुतल्यावर खरी अवस्था दिसली. मधोमध एक लांब तडा, पुढच्या कडेचा एक कान तुटलेला, दोन भोकं फाटून रुंद झालेली.

तडा म्हटल्यावर देवगडकराच्या डोक्यात पहिलं येतं ते बंदर. आमच्याकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत, आणि फुटलेल्या होडीला मॅट आणि रेझिन लावून ते अशी जोडतात की सांधा सापडत नाही. कव्हर घेऊन त्यांच्यातल्या एका काकांकडे गेले. त्यांनी ते हातात घेतलं, वाकवून बघितलं, नखाने खरवडलं, आणि मागे कोरलेली पीपी ही अक्षरं मला दाखवली. "हेका रेझिन धरूचा नाय," म्हणाले. "आज चिकाटतला, उद्या सुटान येतला." पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याचा पृष्ठभाग असा असतो की बहुतेक गोंद आणि रेझिन त्यावर धरतच नाहीत. म्हणूनच ते ऑइल आणि बॅटरीच्या पाण्यालाही टिकतं. काकांनी पैसे घेतले नाहीत, आणि पुढचं सगळं काम त्यांच्या सांगण्याप्रमाणे झालं.

आधी तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं एकेक भोक. तड्याचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे एकवटतो आणि तो पुढे सरकत राहतो. गोल भोक मिळालं की तो ताण पसरतो आणि तडा तिथे थांबतो. मग भाच्याने सोल्डरिंगच्या कैयाने तड्याच्या दोन्ही कडा वितळवून एकमेकींत मिसळल्या, वरून पीपीच्याच पट्ट्या वितळवून भरल्या. हे काम पडवीत नाही, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करायचं, धूर वाईट असतो. सांध्यावर मागून निळ्या ड्रमच्या प्लास्टिकची पट्टी पॉप रिव्हेटने बसवली, रिव्हेटच्या दोन्ही बाजूंना रुंद वॉशर. तुटलेला कान त्याच ड्रमचा. दिसायला तो निळा कान काळ्या कव्हरला शोभत नाही, पण तो खाली आहे आणि मजबूत आहे. फाटून रुंद झालेल्या भोकांना मोठे वॉशर पुरले.

स्क्रू मात्र नवे. बोटीच्या सामानाच्या दुकानात स्टेनलेसचे स्क्रू आणि वॉशर मिळतात आणि आमच्या हवेत तेच टिकतात. मात्र स्टेनलेसचा स्क्रू साध्या पोलादी क्लिपेत गेला आणि वर खारं पाणी मिळालं, की क्लिप आणखी लवकर गंजते. दोन वेगळे धातू आणि मधे मिठाचं पाणी, हे होडीवाले आपल्याला झोपेतही सांगतील. म्हणून क्लिपाही स्टेनलेसच्या शोधल्या, जिथे नाही मिळाल्या तिथे साध्या नव्या घातल्या, आणि प्रत्येक आट्याला भरपूर ग्रीस. मूळचे स्क्रू स्टारच्या खाचेचे असतात, टी-२५ चा स्टार बिट लागतो. तो नसताना पेचकस घुसवून काढायला गेलं की डोकं जातं, आणि गॅरेजमध्ये कव्हर बदनाम होतं ते इथेच.

बसवायला गाडी घरीच वर घेतली. यात एक विनंती. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात, आणि गाडी जॅकवर घेतली की खाली चिरा सारायची सवय आहे. चाकाला अटकाव म्हणून चिरा ठीक. गाडीचं वजन पेलायला चिरा कधीही नाही. जांभा सच्छिद्र असतो, वजनाखाली सांगून फुटत नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीही शिरायचं नाही. आम्ही मिस्त्रीकडून दोन घोड्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे लोखंडी स्टँड, आणल्या, सपाट कोब्यावर लावल्या, गाडी हलवून बघितली आणि मगच खाली गेलो.

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा. बाजूचे दोन तुकडे आधी. मग मधलं कव्हर, पुढची कड पहिल्यांदा. सगळे स्क्रू हाताने दोन-दोन आटे फिरवून अडकवायचे, एकही घट्ट करायचा नाही. सगळे लागले की मग पुढून मागे आवळत जायचं. एक आधीच आवळला तर शेवटचं भोक जुळत नाही, आणि मग माणूस तो शेवटचा स्क्रू सोडून देतो. आवळतानाही प्लास्टिक दबेल एवढं नाही. ते उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेने वाढतं, त्याला किंचित सरकायला जागा लागते. शेवटी पुढच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं, बंपर आणि कव्हर यांच्यात कुठे फट नाही ना. वारा शिरतो तो तिथूनच.

तापमानाचं सांगायचं राहिलं. डॅशबोर्डवरचा काटा यासाठी कामाचा नाही. या गाड्यांत तो ९० वर मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, खरं तापमान थोडं खाली-वर झालं तरी हलत नाही. म्हणून कणकवलीहून स्कॅनर असलेला एक मुलगा बोलावला. एसी लावून, मे महिन्याच्या दुपारी, फोंडा घाट चढताना तो शेजारी बसून पाण्याचं तापमान वाचत होता. कव्हर असताना एकदा, काढून एकदा. लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. मिस्त्रीला ते आकडे दाखवले. त्याने बघितले, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडच्या एका जुन्या पोलोचं कव्हर भिंतीमागून काढून धुवायला घेतलं. मला याचा फार आनंद झाला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पट्टा चिरकला नाही. मुणग्याच्या वाटेवरच्या त्याच पाण्यातून गेले, स्टिअरिंग हलकंच राहिलं. अर्थात खोल पाण्यात या कव्हरचा काही उपयोग नाही. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं तर कुठलंही कव्हर वाचवत नाही, तिथे थांबायचंच.

देखभाल थोडी लागते. कव्हरमध्ये आंब्याची पानं, वाळू, चिखल साठतो, आणि उबेला उंदीर येतात. पावसाआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा मी ते उतरवून धुते. ऑइलची गळती असेल तर जमिनीवर थेंब पडत नाही, तो कव्हरमध्ये पडतो, म्हणून डिपस्टिक नेमाने बघायची. उतरवल्यावर डाग कुठे आहे ते नीट पाहिलं तर गळती कुठून होतेय तेही कळतं. मला गिअरबॉक्सकडचं एक सील असंच वेळेत सापडलं. ऑइल बदलताना आता मी जास्तीच्या स्क्रूंची पिशवी आणि स्टार बिट मिस्त्रीच्या हातात देते, काढण्या-लावण्याचे पैसे बिलात वेगळे लिहायला सांगते, आणि १९ नंबरचा पाना त्या नटाला लागण्यापासून शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत तिथेच बाकावर बसून सोसायटीचे कागद तपासते.

डावा छोटा तुकडा मात्र पेट्रोल गाडीचा निघाला. त्याची दोन भोकं जुळत नाहीत, सध्या तो एका लांबट पट्टीवर धरलेला आहे. कुणाकडे टीडीआय ऑक्टाव्हिया कटिंगला जात असेल तर तो तुकडा भंगारात टाकू नका, मला कळवा. नांदगाव तिठ्यावर येऊन घेऊन जाईन.